लिनक्सवरचा प्रोग्राम आपल्या फाइली शोधतो कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत शाळांत, वाचनालयांत, सोसायट्यांच्या कार्यालयांत जुन्या संगणकांवर लिनक्स घालून देणारी बरीच मंडळी आहेत. हे पान त्यांच्यासाठी आणि ते संगणक रोज वापरणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे पावसाळ्यात नेट कधी जाईल सांगता येत नाही. म्हणून एकाच संगणकावर एक प्रोग्राम वितरणाच्या (उबुंटूसारख्या तयार लिनक्स संचाच्या) भांडारातून येतो, दुसरा पेनड्राइव्हवरून, तिसरा फ्लॅटपॅक या वेगळ्या पॅकेज-पद्धतीतून, आणि एखादा कुणी स्वतः सोर्समधून (मूळ कोडमधून) बांधलेला असतो. प्रत्येकाची जागा वेगळी. "मेनूत दिसत नाही", "चिन्ह गेलं", "मराठी येत नाही" या तक्रारींतल्या बहुतेकांचं मूळ तिथेच आहे.

मार्ग आणि कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलमध्ये ते रोमन अक्षरांतच टाइप करायचे. ~ म्हणजे तुमचं होम फोल्डर.

प्रोग्रामला आपलं सामान कुठे आहे ते कळतं कसं?

विंडोजवर एका प्रोग्रामचं बहुतेक सामान एकाच फोल्डरात असतं. लिनक्सवर ते प्रकारानुसार वाटलेलं असतं. चालणारी फाइल /यूएसआर/बिन मध्ये, लायब्ररी /यूएसआर/लिब मध्ये, संगणकभर लागू होणारी सेटिंग /ईटीसी मध्ये; आणि चिन्हं, भाषांतरं, आवाज, मेनूतली नोंद हे सगळं /यूएसआर/शेअर खाली. शेअरमध्ये जे असतं ते प्रोसेसरवर अवलंबून नसतं. इंटेलचा जुना डेस्कटॉप असो वा रास्पबेरी पाय, चित्राची फाइल तीच चालते. ही वाटणी फाइलसिस्टम हायरार्की स्टँडर्ड या दस्तऐवजाने ठरवली आहे. त्याचं पहिलं रूप फेब्रुवारी १९९४ मध्ये आलं आणि ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये.

आता /यूएसआर/बिन मधल्या फाइलला आपली चित्रं कशी सापडतात? वाटा तीन आहेत.

पहिली: प्रोग्राम बांधतानाच मार्ग त्याच्या आत कोरला जातो. बांधणारा "प्रीफिक्स" देतो, म्हणजे /यूएसआर किंवा /यूएसआर/लोकल, आणि प्रोग्राम आयुष्यभर त्याच जागी बघतो. ही वाट सोपी आहे, पण असा प्रोग्राम उचलून दुसरीकडे ठेवला की त्याचं सामान हरवतं.

दुसरी: प्रोग्राम चालू होताना जागांची एक यादी वाचतो आणि त्या क्रमाने शोधतो. डेस्कटॉपवरच्या बहुतेक सामायिक गोष्टी, म्हणजे मेनू, चिन्हं, फाइलींचे प्रकार, या वाटेने सापडतात.

तिसरी: प्रोग्राम आधी स्वतःचा पत्ता विचारतो (/प्रॉक/सेल्फ/ईएक्सई ही कर्नलने दिलेली कडी त्यासाठीच वापरतात) आणि तिथून मोजून शेजारच्या फोल्डरात बघतो. फिरत्या प्रोग्रामांना हीच वाट सोयीची.

कुठलीही तक्रार आली की हा प्रोग्राम यांपैकी कुठल्या वाटेने शोधतोय, हा प्रश्न आधी विचारा. निम्मं काम तिथेच होतं.

ती यादी कुठे असते?

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना त्याला नावानिशी मिळणाऱ्या मूल्यांमध्ये. २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी फ्रीडेस्कटॉप.ऑर्ग सुरू केलं ते ग्नोम आणि केडीई या दोन डेस्कटॉपांनी निदान सामायिक गोष्टी एकाच पद्धतीने कराव्यात म्हणून. तिथल्या एक्सडीजी बेस डिरेक्टरी नियमावलीत ही नावं ठरली आहेत:

एक्सडीजी_डेटा_होम: तुमचा स्वतःचा डेटा. काही सांगितलं नसेल तर ~/.लोकल/शेअर.

एक्सडीजी_डेटा_डिर्स: संगणकावरच्या सगळ्यांसाठीचा डेटा. काही सांगितलं नसेल तर /यूएसआर/लोकल/शेअर आणि मग /यूएसआर/शेअर.

एक्सडीजी_कॉन्फिग_होम आणि एक्सडीजी_कॉन्फिग_डिर्स: सेटिंगसाठी हीच जोडी. मूळ जागा ~/.कॉन्फिग आणि /ईटीसी/एक्सडीजी.

एक्सडीजी_कॅश_होम: पुन्हा तयार करता येईल असा तात्पुरता साठा, ~/.कॅश.

२०२१ च्या आवृत्तीत एक्सडीजी_स्टेट_होम आलं, ~/.लोकल/स्टेट. नोंदी, अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी अशा गोष्टी तिथे जाव्यात अशी अपेक्षा आहे. बऱ्याच प्रोग्रामांनी अजून ते मनावर घेतलेलं नाही.

यादीतली नावं कोलनने (:) तोडलेली असतात. प्रत्येक मार्ग / पासून सुरू झालेला, पूर्ण हवा. अर्धवट मार्गाकडे प्रोग्रामने दुर्लक्ष करावं असं नियमावलीतच म्हटलं आहे.

एकच फाइल दोन जागी असेल तर कुठली चालते?

जी आधी सापडेल ती. कोयता हवा असला की आपण आधी पडवीत बघतो, मग मागल्या दारी, मग शेजाऱ्यांकडे. पडवीत मिळाला तर पुढे जात नाही. तसंच इथे आधी ~/.लोकल/शेअर, मग /यूएसआर/लोकल/शेअर, मग /यूएसआर/शेअर.

या क्रमाचा मोठा उपयोग आहे. वितरणाने दिलेली मेनूची नोंद बदलायची असेल तर मूळ फाइलला हात लावू नका. ती ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये त्याच नावाने कॉपी करा आणि कॉपीत बदल करा. पुढचं अपडेट आलं तरी तुमचा बदल शाबूत राहतो. शाळेत मुलांना टर्मिनल किंवा एखादा खेळ दिसू नये असं वाटत असेल तर त्या कॉपीत "नोडिस्प्ले=ट्रू" लिहिलं की नोंद मेनूतून जाते, प्रोग्राम मात्र जागेवर राहतो.

/यूएसआर, /यूएसआर/लोकल आणि /ऑप्ट: आपण आणलेलं सामान कुठे ठेवायचं?

/यूएसआर हा वितरणाच्या पॅकेज मॅनेजरचा मुलूख आहे. तिथे हाताने फाइली ठेवू नका. पुढच्या अपडेटला त्या पुसल्या जातात किंवा पॅकेजशी भांडतात, आणि वर्षभराने दुसरा कुणी संगणक बघायला आला तर कुठली फाइल कुणी आणली ते त्याला कळण्याचा मार्ग उरत नाही.

सोर्समधून बांधलेलं /यूएसआर/लोकल मध्ये. एक अख्खं फोल्डर घेऊन येणारा प्रोग्राम /ऑप्ट मध्ये. फक्त एकाच माणसाला हवं असेल तर ~/.लोकल मध्ये; त्याला पासवर्डही लागत नाही.

/ऑप्ट बद्दल एक लक्षात ठेवा: ते शोधाच्या यादीत नसतं. म्हणून /ऑप्ट मधल्या प्रोग्रामला मेनूची नोंद वेगळी, यादीतल्या जागी ठेवावी लागते. गुगल क्रोम असंच करतो: स्वतः /ऑप्ट/गुगल/क्रोम मध्ये आणि नोंद /यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये.

प्रोग्राम इन्स्टॉल झाला, पण मेनूत दिसतच नाही.

मेनू प्रोग्राम शोधत नाही, तो ".डेस्कटॉप" शेवट असलेल्या फाइली शोधतो, आणि त्याही यादीतल्या प्रत्येक जागेच्या "ॲप्लिकेशन्स" उपफोल्डरात. तेव्हा पुढच्या क्रमाने बघा.

नोंदीची फाइल आहे का आणि योग्य फोल्डरात आहे का. नसेल तर पुढचं काहीच बघायची गरज नाही.

असेल तर तिच्यातली "ट्रायएक्झेक" ही ओळ बघा. तिथे दिलेला प्रोग्राम सापडला नाही तर नोंद गुपचूप वगळली जाते. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, म्हणून ही गोष्ट सगळ्यात जास्त छळते.

"एक्झेक" ओळीत नुसतं नाव असेल तर ते पाथ या व्हेरिएबलमधल्या फोल्डरांत शोधलं जातं. पूर्ण मार्ग देत असाल तर ~ किंवा होमचं व्हेरिएबल लिहू नका. ते इथे उलगडलं जात नाही. /होम पासून पूर्ण मार्ग लिहा.

शेवटी "डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट" ही कमांड त्या फाइलवर चालवा. ती ओळ दाखवून चूक सांगते. ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स हे फोल्डर तुम्ही आत्ताच नव्याने केलं असेल तर एकदा लॉगआउट करून परत या.

नाव दिसतं, पण चिन्हाच्या जागी कोरा चौकोन किंवा दातेरी चाक.

नोंदीतल्या "आयकॉन" ओळीत बहुतेक वेळा फाइलचा मार्ग नसतो, नुसतं नाव असतं, शेपटाशिवाय (म्हणजे .पीएनजी सारखा शेवट न लावता). त्या नावाची फाइल आधी चालू चिन्हसंचात शोधली जाते, मग तो संच ज्यांच्यावर बेतलेला आहे त्यांच्यात, आणि शेवटी "हायकलर" नावाच्या संचात. हायकलर हा सगळ्यांचा शेवटचा आधार आहे. म्हणून प्रत्येक प्रोग्रामने निदान ४८ गुणिले ४८ मापाचं चिन्ह तिथे ठेवावं असं नियमावली सांगते. फोल्डरांचा क्रमही ठरलेला: जुन्या सवयीसाठी ~/.आयकॉन्स, मग यादीतल्या जागांची "आयकॉन्स" उपफोल्डरं, मग /यूएसआर/शेअर/पिक्समॅप्स.

चिन्ह योग्य जागी आहे, तरी दिसत नाही? मग कॅश जुना आहे. जीटीके (ग्नोमचे प्रोग्राम खिडक्या काढायला वापरतात ती लायब्ररी) प्रत्येक संचासाठी "आयकॉन-थीम.कॅश" ही फाइल वाचतो आणि ती ताजी आहे की नाही ते संचाच्या सर्वांत वरच्या फोल्डरच्या वेळेवरून ठरवतो. तुम्ही चिन्ह आतल्या उपफोल्डरात टाकलं तर वरच्या फोल्डरची वेळ बदलत नाही, आणि जुनाच कॅश खरा मानला जातो. "जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅश" चालवा. होम फोल्डरातल्या हायकलरमध्ये "इंडेक्स.थीम" ही फाइल नसल्याने कमांड अडली तर तिला -टी हा पर्याय द्या. केडीईवर मेनूची नोंदवही नव्याने बांधायची तर प्लाझ्मा (केडीईचा डेस्कटॉप) ५ साठी "केबिल्डसायकोका५", प्लाझ्मा ६ साठी शेवटी ६.

नेट नसताना पेनड्राइव्हवरून प्रोग्राम द्यायचा तर काय बरं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडच्या बाजूला वीज आणि फोन किती काळ बंद होते ते इथल्या माणसांना सांगायला नको. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. त्यामुळे हा प्रश्न कोकणात नेहमीच महत्त्वाचा राहणार.

अशा वेळी ॲपइमेज चांगली. एका फाइलीत प्रोग्राम आणि त्याचं सामान. चालवली की ती /टीएमपी खाली एका तात्पुरत्या फोल्डरात जोडली जाते, आणि त्या फोल्डरचं नाव प्रत्येक वेळी बदलतं. म्हणून आतला प्रोग्राम वर सांगितलेल्या तिसऱ्या वाटेनेच शोधणारा हवा. त्याला मदत म्हणून "ॲपडीर" या व्हेरिएबलमध्ये त्या वेळची जागा दिलेली असते.

तीन अडचणी हमखास येतात. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर फाइलीला चालवण्याची परवानगी सहसा मिळत नाही. आधी होम फोल्डरात कॉपी करा, मग परवानगी द्या. उबुंटू २२.०४ पासून जुनी फ्यूज लायब्ररी आपोआप येत नाही, आणि बऱ्याच ॲपइमेजना ती लागते. तीही पेनड्राइव्हवर आणली नसेल तर "--ॲपइमेज-एक्स्ट्रॅक्ट" हा पर्याय द्या. "स्क्वॉशएफएस-रूट" नावाच्या फोल्डरात सगळं सुटं होतं आणि तिथून चालवता येतं. तिसरी अडचण म्हणजे मेनूत नोंद आपोआप होत नाही. ती ~/.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स मध्ये हाताने करावी लागते. नमुन्याची नोंद आणि चिन्ह त्या सुट्या केलेल्या फोल्डरात मिळतं.

फ्लॅटपॅकने प्रोग्राम घातला. संदेश आला की अमुक फोल्डर शोधाच्या यादीत नाही.

संदेश खरा आहे आणि वाचण्यासारखा आहे. फ्लॅटपॅक आपल्या नोंदी आणि चिन्हं /व्हार/लिब/फ्लॅटपॅक/एक्स्पोर्ट्स/शेअर मध्ये ठेवतो. एकट्या वापरकर्त्यासाठी घातलं असेल तर ~/.लोकल/शेअर/फ्लॅटपॅक/एक्स्पोर्ट्स/शेअर मध्ये. ही नावं यादीत जोडायचं काम लॉगइन होताना होतं. फ्लॅटपॅक आत्ताच घातलं असेल तर चालू सत्राला ती ठाऊक नसतात. लॉगआउट करून परत या.

फ्लॅटपॅकच्या आत चित्र निराळं आहे. तिथे /यूएसआर म्हणजे तुमच्या संगणकाचं /यूएसआर नव्हे, तर त्या प्रोग्रामबरोबर आलेला रनटाइम, म्हणजे त्याला लागणाऱ्या लायब्ररींचा संच. आणि प्रोग्राम स्वतः /ॲप मध्ये. त्याचा डेटा आणि सेटिंग ~/.व्हार/ॲप खाली त्याच्या नावाच्या फोल्डरात. त्यामुळे "मी सेटिंगची फाइल ~/.कॉन्फिग मध्ये टाकली, पण फरक पडेना" असं होतं. प्रोग्राम तिथे बघतच नाही. तुमचे फॉन्ट आणि चिन्हं मात्र त्याला /रन/होस्ट खाली दाखवली जातात, म्हणून मराठी फॉन्ट वेगळे घालावे लागत नाहीत.

स्नॅपचं काय?

स्नॅप ही फ्लॅटपॅकसारखीच दुसरी पॅकेज-पद्धत; तत्त्व तेच. प्रोग्राम /स्नॅप खाली फक्त वाचता येईल असा जोडलेला, मेनूच्या नोंदी /व्हार/लिब/स्नॅपडी/डेस्कटॉप मध्ये, तुमचा डेटा ~/स्नॅप मध्ये.

डेस्कटॉप मराठीत केला, तरी हा एक प्रोग्राम इंग्रजीतच बोलतो.

हा प्रश्न आमच्या सगळ्यात जवळचा आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलाला संगणक पहिल्यांदा दिसतो तो त्याच्या भाषेत दिसावा, यासाठी घातलेला वेळ वाया जात नाही.

बहुतेक प्रोग्राम भाषांतरासाठी गेटटेक्स्ट हे साधन वापरतात. मराठी भाषांतराची फाइल /यूएसआर/शेअर/लोकेल/एमआर/एलसी_मेसेजेस मध्ये प्रोग्रामच्या नावाने, ".एमओ" शेपटाची असते. इथे मेनूसारखी यादी चालत नाही! कुठल्या लोकेल फोल्डरात बघायचं हे प्रोग्राम स्वतः सांगतो, आणि बहुधा बांधतानाच्या प्रीफिक्सवरून. म्हणून /यूएसआर/लोकल मध्ये बांधलेला प्रोग्राम /यूएसआर/शेअर मधल्या भाषांतराकडे ढुंकूनही बघत नाही. उबुंटूवर भाषांतरं भाषेच्या वेगळ्या पॅकेजमधूनही येतात आणि /यूएसआर/शेअर/लोकेल-लँगपॅक मध्ये बसतात. तेव्हा फाइल शोधताना तिथेही बघा.

फाइल जागेवर आहे आणि तरी इंग्रजी? "लोकेल -ए" चालवा. यादीत मराठीचं नाव नसेल तर ते लोकेल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) तयारच झालेलं नाही. अशा वेळी प्रोग्राम मूळ "सी" लोकेलवर पडतो आणि भाषांतर शोधायलाच जात नाही.

फ्लॅटपॅक जागा वाचवण्यासाठी संगणकाच्या भाषेचीच भाषांतरं उतरवतो. संगणक आधी इंग्रजीत असताना प्रोग्राम घातले असतील तर "फ्लॅटपॅक कॉन्फिग --सेट लँग्वेजेस" या कमांडने इंग्रजी आणि मराठीचे संकेत अर्धविरामाने जोडून, अवतरणात द्या आणि मग "फ्लॅटपॅक अपडेट" चालवा.

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे काहींना कोकणी हवी असते. कोकणीचं लोकेल उपलब्ध आहे, पण भाषांतरित प्रोग्राम कमी आहेत. "लँग्वेज" या व्हेरिएबलमध्ये भाषांची क्रमवारी देता येते: आधी कोकणीचा संकेत केओके, मग कोलन (:), मग मराठीचा एमआर. कोकणी भाषांतर नसेल तिथे मराठी येतं, एकदम इंग्रजी नाही. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे.

मराठी फॉन्ट आणि कळफलकाच्या फाइली कुठे टाकायच्या?

फॉन्ट स्वतःसाठी ~/.लोकल/शेअर/फॉन्ट्स मध्ये, सगळ्यांसाठी /यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स मध्ये, मग "एफसी-कॅश". "एफसी-लिस्ट :लँग=एमआर" म्हटलं की मराठी दाखवू शकणारे सगळे फॉन्ट समोर येतात. आयबस या टंकन-साधनात एम१७एन हा टंकनपद्धतींचा संच वापरत असाल तर टंकनपद्धतीच्या फाइली /यूएसआर/शेअर/एम१७एन मध्ये असतात, आणि तुम्ही बदललेली पद्धत ~/.एम१७एन.डी मध्ये ठेवता येते.

टर्मिनलमधून प्रोग्राम नीट चालतो, मेनूतून उघडला की सामान सापडत नाही.

व्हेरिएबल ~/.बॅशआरसी मध्ये लिहिलंय का बघा. ती फाइल टर्मिनल उघडल्यावर वाचली जाते. मेनूला तिचा पत्ता नसतो. लॉगइनपासून लागू व्हायला हवं असेल तर ~/.प्रोफाइल, किंवा सिस्टमडी असलेल्या वितरणांत ~/.कॉन्फिग/एन्व्हायर्नमेंट.डी मध्ये ".कॉन्फ" शेपटाची फाइल.

आणि एक कळकळीची विनंती. एक्सडीजी_डेटा_डिर्स मध्ये आपलं फोल्डर घालताना जुनी यादी पुढे जोडा. नुसतं आपलंच नाव लिहिलं तर /यूएसआर/शेअर यादीतून जातं, आणि पुढच्या लॉगइनला मेनू, चिन्हं, फाइलींचे प्रकार सगळं एकदम नाहीसं होतं. आधीचं मूल्य रिकामं असेल तर /यूएसआर/लोकल/शेअर आणि /यूएसआर/शेअर ही दोन्ही नावं स्वतः लिहा. रिकाम्या यादीला मिळणारी मूळ जागा तुम्ही काहीही लिहिल्याक्षणी मिळेनाशी होते.

"सेटिंग्ज स्कीमा इन्स्टॉल केलेला नाही" असं म्हणून प्रोग्राम लगेच बंद पडतो.

ग्नोमच्या घराण्यातला प्रोग्राम आहे. सेटिंगचा आराखडा यादीतल्या जागांच्या "ग्लिब-२.०/स्कीमाज" उपफोल्डरात असतो, आणि नुसती फाइल पुरत नाही, "ग्लिब-कंपाइल-स्कीमाज" चालवून त्या फोल्डरची संकलित फाइल करावी लागते. पॅकेज मॅनेजर हे आपोआप करतो, हाताने कॉपी करणारा विसरतो. प्रोग्राम भलत्याच जागी असेल तर "जीसेटिंग्ज_स्कीमा_डीर" मध्ये त्या फोल्डरचा मार्ग द्या.

"शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही" हेही याच यादीतलं का?

नाही. लायब्ररी शोधणं हे लोडरचं काम आणि त्याची यादी वेगळी: एलडी_लायब्ररी_पाथ, प्रोग्राममध्ये कोरलेला रनपाथ, आणि "एलडीकॉन्फिग" ने केलेला कॅश. "एलडीडी" चालवून कुठली लायब्ररी सापडली नाही ते बघा. /यूएसआर/लोकल/लिब मध्ये नवं काही घातलं की "एलडीकॉन्फिग" विसरू नका.

सुडो लावून चालवलं तर चालेल का?

सुडो म्हणजे रूटच्या, म्हणजे संगणकाच्या मुख्य वापरकर्त्याच्या, अधिकाराने कमांड चालवणं. खिडकी उघडणारा प्रोग्राम सुडोने चालवू नका. सुडो तुमची व्हेरिएबलं पुसतं, त्यामुळे शोधाची यादी बदलते. होम फोल्डर काही ठिकाणी रूटचं होतं, काही ठिकाणी तुमचंच राहतं. दुसऱ्या प्रकारात ~/.कॉन्फिग आणि ~/.कॅश मध्ये रूटच्या मालकीच्या फाइली तयार होतात, आणि पुढे तोच प्रोग्राम साध्या वापरकर्त्याने उघडला की सेटिंग जतनच होत नाही. असं झालं असेल तर "चोन" ने मालकी परत घ्या.

भाषा बदलल्यावर डाउनलोडची दोन फोल्डरं झाली. खरं कुठलं?

"एक्सडीजी-युजर-डीर डाउनलोड" ही कमांड सांगेल. नावं ~/.कॉन्फिग/युजर-डिर्स.डिर्स मध्ये लिहिलेली असतात आणि ती भाषेप्रमाणे बदलतात. चांगले प्रोग्राम ही फाइल वाचतात. "डाउनलोड्स" हे इंग्रजी नाव गृहीत धरणारे प्रोग्राम दुसरं फोल्डर तयार करतात. जुन्या फाइली हलवून त्या फाइलीत हवं ते नाव लिहा.

शाळेतल्या टक्स पेंटमध्ये आपल्याकडची चित्रं घालता येतील?

घाला, जरूर घाला. टक्स पेंट हा मुलांचा चित्रकलेचा प्रोग्राम; तो शिक्के (चित्रात उमटवायची तयार चित्रं) दोन जागी शोधतो: वितरणाचे /यूएसआर/शेअर/टक्सपेंट/स्टॅम्प्स मध्ये आणि तुमचे ~/.टक्सपेंट/स्टॅम्प्स मध्ये. पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी चित्रं करा: सुरमई, बांगडा, तिसऱ्या, होडी, सुपारीचं झाड. प्रत्येक चित्राच्या नावाचीच एक टेक्स्ट फाइल सोबत ठेवली की चित्र निवडल्यावर त्यातला मजकूर खाली दिसतो. तिच्या पहिल्या ओळीत मूळ नाव आणि पुढच्या ओळीत "एमआर.यूटीएफ८=" लिहून मराठी नाव. आवाजाची फाइलही जोडता येते. आपल्या बंदरावरची मासळी मुलांना संगणकात दिसते तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

आकाशदर्शनाच्या स्टेलेरियम या प्रोग्राममध्येही असंच: ~/.स्टेलेरियम/लँडस्केप्स मध्ये तुमच्या समुद्रकिनाऱ्याचं क्षितिज ठेवता येतं. प्रोग्राम फ्लॅटपॅक किंवा स्नॅपमधला असेल तर वर सांगितल्याप्रमाणे जागा वेगळी.

बॅकअप कशाचा घ्यायचा?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्यानंतर हा प्रश्न वारंवार आला. स्वतःच्या कागदपत्रांच्या फोल्डरांबरोबर ~/.कॉन्फिग, ~/.लोकल/शेअर, ~/.व्हार/ॲप आणि ~/स्नॅप घ्या. टक्स पेंटसारखे जुन्या वळणाचे प्रोग्राम थेट होममध्ये टिंबाने सुरू होणारं फोल्डर करतात, तेही घ्या. मुलांची जतन केलेली चित्रं त्यातच असतात. ~/.कॅश सोडून द्या. हाताने घातलेलं सामान /यूएसआर/लोकल आणि /ऑप्ट मध्येच असेल तर तीही दोन फोल्डरं घेऊन काम भागतं; /यूएसआर/शेअर मध्ये विखुरलेलं असेल तर ते कधीच पूर्ण गोळा होत नाही. ~/.लोकल/शेअर/फ्लॅटपॅक मोठं असतं आणि पुन्हा उतरवता येतं, पण नेट मंद असलेल्या गावात तेही ठेवलेलं बरं.

सगळं करून पाहिलं. प्रोग्राम नेमका कुठे बघतोय ते कळेल का?

कळेल. "एस-ट्रेस" हे साधन घाला आणि "-एफ -ई ट्रेस=ओपनॲट" या पर्यायांसह त्यातून प्रोग्राम चालवा. तो जी जी फाइल उघडू पाहतो तिचा मार्ग उमटतो. न सापडलेल्यांपुढे "एनोएंट" येतं. हव्या त्या फाइलीच्या नावाने त्यात शोधा. प्रोग्रामने कुठल्या जागा कुठल्या क्रमाने पाहिल्या ते ओळीने दिसतं आणि तर्क करत बसावं लागत नाही. फाइली उघडण्याआधी नुसती चौकशी करणारे प्रोग्राम असतात, तेव्हा "ट्रेस=फाइल" म्हटलं तर त्याही दिसतात.

मी प्रोग्राम लिहिते. माझ्या फाइली सगळीकडे सापडाव्यात म्हणून काय करू?

"/यूएसआर/शेअर" हे अक्षरशः कोडमध्ये लिहू नका. ग्लिब लायब्ररीत "जी_गेट_सिस्टम_डेटा_डिर्स", क्यूटी लायब्ररीत "क्यूस्टँडर्डपाथ्स" हेच काम करतात आणि यादी रिकामी असेल तर मूळ जागा स्वतः भरतात.

छोटी चित्रं आणि खिडक्यांचे आराखडे प्रोग्रामच्या आतच बांधून टाका. ग्लिबचं "जीरिसोर्स" आणि क्यूटीची रिसोर्स सिस्टम त्यासाठी आहे. जे आत आहे ते हरवू शकत नाही. मेनूची नोंद, चिन्ह, स्कीमा मात्र बाहेरच लागतात, कारण ते वाचणारा डेस्कटॉप असतो, तुमचा प्रोग्राम नव्हे. भाषांतरांची जागा प्रीफिक्सवरून घ्या, पण ती बदलता येईल अशी सोय ठेवा.

दुसऱ्याला देण्याआधी प्रोग्राम एकदा तुमच्या होममधल्या एखाद्या भलत्याच फोल्डरला प्रीफिक्स करून बांधा, मग दुसऱ्या वापरकर्त्याच्या नावाने लॉगइन करून चालवा. भाषांतर किंवा चित्र तिथे आलं नाही तर कुठेतरी पक्का मार्ग राहिला आहे, आणि वरचा एस-ट्रेस तो दाखवून देईल.